ताडोबाच्या अलीकडे

वन्यजीव म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती उघडी जिप्सी, ताडोबाचं गेट आणि पहाटेची थंडी. वाघ दिसला तर सहल वसूल, नाहीतर पैसे पाण्यात. पण कायदा वन्यजीव ठरवताना अभयारण्याची हद्द बघत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत वाघ आहे, आणि शेताच्या बांधावरून सरपटत जाणारी घोरपडही आहे. दोघांपैकी कोणालाही मारलं तरी शिक्षा तीन ते सात वर्षांच्या कैदेची. गॅलरीत पिंजऱ्यात ठेवलेला पोपटसुद्धा याच कायद्याने संरक्षित आहे. तो पाळणं हा गुन्हा आहे, मग तो कितीही लाडाने ‘विठू विठू’ म्हणो.

हा लेख अशा घराजवळच्या प्राण्यांबद्दल आहे. यात करायच्या गोष्टींपेक्षा न करायच्या गोष्टी जास्त आहेत, हे आधीच सांगून टाकतो. माझं मत असं, की आपल्या आसपासच्या प्राण्यांचं दुष्टपणामुळे होतं त्याहून जास्त नुकसान हौसेपोटी, पुण्यापोटी आणि भीतीपोटी होतं.

### आधी नावं शिका

ज्याचं नाव माहीत नाही, तो प्राणी नाहीसा झाला तरी कळत नाही. म्हणून सुरुवात ओळखीपासून करायची. त्यासाठी कॅमेरा लागत नाही. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी अडत नाही. एक खिडकी किंवा एक झाड ठरवा आणि सकाळची दहा मिनिटं तिथे द्या. पहिल्या आठवड्यात कावळा, कबूतर, साळुंकी आणि बुलबुल. मग हळूहळू बाकीचे दिसू लागतात: पानांना शिवून घरटं करणारा शिंपी, शेपटीचा पंखा उघडमीट करत नाचणारा नाचण, पहाटे विजेच्या खांबावरून शीळ घालणारा दयाळ, तारेवर बसून हवेतल्या हवेत माशी टिपणारा वेडा राघू. उन्हाळ्याच्या दुपारी एकसुरी ‘टुक् टुक् टुक्’ ऐकू येतं तो तांबट. आवाज आठवडाभर ऐकावा लागतो, तेव्हा कुठे हा चिमणीएवढा हिरवा पक्षी नजरेस पडतो.

मराठी वाचकाला इथे मोठी सोय आहे. मारुती चितमपल्ली यांनी वन खात्यातल्या नोकरीत आदिवासींकडून, फासेपारध्यांकडून आणि जुन्या ग्रंथांतून गोळा केलेलं पक्ष्यांचं ज्ञान ‘पक्षिकोशा’त आणि त्यांच्या इतर पुस्तकांत आहे. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि डॉ. सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात ‘पक्षी सप्ताह’ म्हणून पाळला जातो. त्या सुमारास हिवाळी पाहुणेही उतरलेले असतात, त्यामुळे शाळेच्या मुलांना घेऊन जवळच्या तळ्यावर जायला याहून चांगला मुहूर्त नाही.

राज्याची मानचिन्हंही ओळखून ठेवावीत: शेकरू हा प्राणी, हरियाल हा पक्षी, ताम्हण हे फूल आणि निलवंत हे फुलपाखरू. राज्य फुलपाखरू जाहीर करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, आणि ते २०१५ साली.

### वहीतली नोंद कुठवर जाते

पाहिलेलं लिहून ठेवलं की निरीक्षणाला किंमत येते. तारीख, वेळ, जागा, पक्षी कोणता, किती. वही चालेल, मोबाइलवरचं ‘ईबर्ड’ किंवा सगळ्या सजीवांसाठी असलेलं ‘आयनॅचरलिस्ट’ अधिक चांगलं, कारण तिथली नोंद अभ्यासकांना वापरता येते. अशा नोंदींना कोण विचारतं, असं वाटत असेल तर ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’चा २०२३ चा अहवाल पाहावा. देशभरातल्या सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर तो उभा आहे, आणि त्यातले बहुसंख्य लोक शिक्षक, बँक कर्मचारी, विद्यार्थी, निवृत्त मंडळी असे हौशी आहेत. ९४२ जातींचा आढावा घेऊन त्यातल्या १७८ जातींना तातडीच्या संरक्षणाची गरज आहे, असं हा अहवाल सांगतो. माळरानावरचे पक्षी आणि शिकारी पक्षी विशेष घटले आहेत. तारांवर सर्रास दिसणारा नीलपंखसुद्धा घटतो आहे, हे अशा नोंदी नसत्या तर कळलंच नसतं.

नोंद करणाऱ्याने दोन पथ्यं पाळावीत. पहिलं, फक्त दुर्मीळ पक्ष्याची नोंद करून थांबू नये. कावळे आणि साळुंक्याही मोजाव्यात, कारण घट नेहमी अशा नेहमीच्या पक्ष्यांपासून नकळत सुरू होते. दुसरं पथ्य समाजमाध्यमांचं. घरट्याची, घुबडाच्या ढोलीची किंवा बिबट्याच्या पिल्लांची नेमकी जागा कधीही जाहीर करू नये. दुसऱ्या दिवशी तिथे मोठाल्या लेन्सा घेऊन रांग लागते, आड येणाऱ्या फांद्या कापल्या जातात आणि मादी घरटं सोडून जाते. मोबाइलवर नराचा आवाज वाजवून पक्ष्याला पुढे बोलावणं हाही असाच खेळ आहे: विणीच्या काळात बिचारा खोट्या प्रतिस्पर्ध्याला हुसकावण्यात दिवस घालवतो.

### कढीपत्त्यावरची अळी

गॅलरीत एक कढीपत्ता किंवा लिंबाचं रोप असेल तर वन्यजीवांशी तुमचा व्यवहार सुरू झालेला आहे. पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा काळा-पांढरा ठिपका हलताना दिसला, तर ती फुलपाखराची अळी. लहानपणी ती मुद्दाम असं सोंग घेते, मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. लिंबाच्या कुळातली ही झाडं बऱ्याच फुलपाखरांची बाळंतिणीची खोली आहेत. निलवंताच्या अळ्यासुद्धा लिंबूवर्गीय झाडांची पानं खातात. दहा-बारा पानं गेली म्हणून फवारणीचा पंप काढू नये. झाड पुन्हा फुटतं.

फुलपाखरांसाठी बाग करायची म्हणजे रंगीत फुलं लावायची, असा समज आहे. फुलांचा मध मोठ्या फुलपाखराला हवा असतो. अळीला मात्र ठरावीक झाडाचीच पानं लागतात. रुईवर वाढणारी अळी कढीपत्त्यावर जगत नाही आणि पानफुटीवरची रुईवर जगत नाही. म्हणून सोसायटीच्या मागच्या भिंतीला आपोआप उगवलेली रुई ‘कचरा’ म्हणून उपटली जाते, तेव्हा केशरी-काळ्या फुलपाखरांची एक पिढी उपटली जाते.

मोठी झाडं लावायची जागा असेल तर उंबर, वड, पिंपळ, नांदरूक यांना तोड नाही. या कुळातली झाडं वर्षाच्या निरनिराळ्या महिन्यांत फळतात, त्यामुळे हरियाल, तांबट, कोकीळ, वटवाघळं यांचा शिधा सुरू राहतो. वटवाघळांबद्दल उगाच किळस आहे. फळं खाणारी वटवाघळं दूरवर बिया टाकतात आणि छोटी वटवाघळं रात्रभर किडे खातात. पळस, पांगारा आणि काटेसावर ऐन पानगळीत फुलतात, तेव्हा त्यांच्याभोवती साळुंक्या, कोतवाल, शिंजीर यांची अक्षरशः जत्रा भरते. लवकर वाढतात म्हणून सुबाभूळ आणि ग्लिरिसिडिया लावण्याचा मोह टाळावा. ग्लिरिसिडियाला कोकणात उंदीरमारी म्हणतात, एवढं सांगितलं तरी पुरे.

आणखी एक गोष्ट. वाळलेली फांदी कुरूप दिसते म्हणून लगेच कापू नये. तांबट आणि सुतार पक्षी मऊ झालेल्या लाकडातच ढोली कोरतात. पुढे त्याच ढोलीत इतर पक्षी संसार मांडतात. फांदी रस्त्यावर, माणसांवर कोसळण्याची भीती असेल तर ती काढायलाच हवी, पण शहरात झाड तोडायला किंवा मोठी छाटणी करायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते; त्यासाठी १९७५ पासून राज्याचा स्वतंत्र कायदा आहे. अडचण अशी, की आपल्याकडे छाटणी नेमकी पावसाच्या तोंडावर होते आणि तेव्हा झाडावर घरटी असतात. सोसायटीच्या सचिवांनी हे काम हिवाळ्यात उरकलं, तर एका निर्णयात कितीतरी पिल्लं वाचतील.

### पाणी ठेवा, फरसाण नको

उन्हाळ्यात पाणी ठेवणं चांगलं. भांडं मातीचं आणि पसरट असावं, पाणी बोटभर खोल, आणि मधे एखादा दगड, म्हणजे मधमाश्या आणि फुलपाखरंही बुडणार नाहीत. भांडं सावलीत ठेवा आणि मांजर दबा धरू शकेल अशा झुडपापासून लांब ठेवा. पाणी रोज बदला आणि भांडं घासा. नाहीतर त्यात डास होतात आणि आजारी पक्ष्याचा रोग बाकीच्यांना लागतो.

खायला घालणं मात्र बहुतेक वेळा नडतं. घाटातल्या वळणावर गाडी थांबवून माकडांना वेफर्स आणि केळी देणारे लोक पाहा. माकड रस्त्यालगत राहायला शिकतं, गाडीखाली येतं, पिशवी हिसकावतं, चावतं, आणि मग ‘माकडांचा बंदोबस्त करा’ असे अर्ज जातात. मांडव्याच्या बोटीवरून हिवाळ्यात कुरव पक्ष्यांना गाठी-शेव भिरकावणं ही आता प्रथाच झाली आहे. हे पक्षी हजारो किलोमीटर उडून येतात. त्यांचं पोट माशांसाठी आहे, तळलेल्या बेसनासाठी नाही.

कबुतरांचा प्रश्न यातला सर्वांत चिवट. २०२५ साली मुंबईतल्या कबुतरखान्यांवरून प्रकरण उच्च न्यायालयात आणि रस्त्यावर गेलं. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी दोन गोष्टी उरतात. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ सतत श्वासातून गेली तर काही जणांना फुप्फुसाचा कायमचा आजार होतो. आणि पोत्यांनी ज्वारी पडते तिथे फक्त कबुतरं वाढतात. बाकीच्या पक्ष्यांच्या वळचणी आणि खाचा तीच बळकावतात. दाणे टाकून पुण्य लागत असेल तर ते एकाच जातीच्या वाट्याला जातं.

चिमणीचं काय, हा प्रश्न हमखास येतो. चिमणी देशातून संपत आलेली नाही. गावाकडे ती टिकून आहे, मोठ्या शहरांत कमी झाली. तिला कौलांच्या फटी, भिंतीतली भोकं, आडोशाची झुडपं लागत. काच आणि काँक्रीटच्या इमारतीत यातलं काहीच नाही. शिवाय मोठी चिमणी दाणे खाते, पिल्लांना मात्र किडे भरवते, म्हणून औषध मारलेल्या बागेत तिचा संसार चालत नाही. लाकडी घरटं लावायचं तर भोक सव्वा इंचाच्या आसपास असावं, म्हणजे साळुंकी आत शिरत नाही. घरटं छपराच्या आडोशाला, मांजर पोहोचणार नाही इतक्या उंचीवर टांगा. नाशिकहून सुरू झालेल्या प्रयत्नांतून २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस पाळला जातो. त्या दिवशी घरटी वाटण्याची लाट येते. घरट्याबरोबर एखादं मेंदीचं किंवा करवंदाचं झुडूपही वाटलं तर अधिक बरं.

### साप निघाला

इथे जरा सविस्तर लिहायला हवं, कारण चूक झाली तर माणूस किंवा साप, कोणी तरी जिवाला मुकतं.

महाराष्ट्रात माणसाच्या मृत्यूला प्रामुख्याने चार साप कारणीभूत होतात: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. घरात-अंगणात निघणारे बरेचसे साप या चारांपैकी नसतात. धामण, दिवड, तस्कर, नानेटी, कवड्या हे सगळे बिनविषारी. तरी मार पडतो तो त्यांनाच जास्त. धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, ही समजूत अजून गोठ्यागोठ्यांत आहे. खरं तर ती उंदरांच्या मागावर आलेली असते. कवड्याच्या अंगावर मण्यारीसारखे आडवे पट्टे असतात म्हणून तो मारला जातो. उलट घोणशीच्या पिल्लाला अजगराचं पिल्लू समजून हातात घेणारेही आहेत. घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, आणि पिल्लू पहिल्या दिवसापासून विषारी असतं. म्हणून पुस्तकात चित्रं पाहून सर्वांनी ओळख वाढवावी, पण ओळखीच्या भरवशावर हात कोणी घालू नये.

साप दिसला तर मुलांना आणि कुत्र्याला आत घ्या. सात-आठ फुटांवरून एकाने त्याच्यावर नजर ठेवावी, म्हणजे तो कुठे गेला हे कळेल. काठीने डिवचू नका, रॉकेल किंवा फिनेल टाकू नका. वन विभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर फोन करा. ते जवळच्या पथकाला किंवा सर्पमित्राला कळवतात. बऱ्याचदा साप तोवर स्वतःच निघून जातो, आणि हे सर्वांत चांगलं. आलेला सर्पमित्र साप गळ्यात घालून फोटो काढू लागला, लोकांना हाताळायला देऊ लागला, तर तो मित्र सापाचाही नाही आणि तुमचाही नाही. टाळ्या वाजवू नका. अशा तमाशात दंश होऊन सर्पमित्रांचे जीव गेले आहेत.

साप पुन्हा येऊ नये यासाठी बाजारात मिळणाऱ्या पुड्यांचा उपयोग नाही. उंदीर आणि बेडूक असतील तिथे साप येणार. उघडा कचरा, धान्याची सांडलवंड, भिंतीला लागून रचलेल्या विटा आणि सरपण हटवा, सांडपाण्याच्या तोंडाला जाळी बसवा. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते; दंश इतका बारीक की कधी कधी जागही येत नाही. खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी हा तिच्यावरचा स्वस्त उपाय. कोकणात, विशेषतः रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कातळावर, फुरसं दगडाखाली असतं. दगड हाताने उचलू नका, आधी पहारीने हलवा. रात्री बॅटरी आणि पायात बूट, एवढ्याने दंशाचा धोका खूप कमी होतो.

दंश झालाच तर अंगठी, बांगड्या, पैंजण सूज यायच्या आधी काढा. चावलेला हात किंवा पाय फळीने आधार देऊन स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका आणि मिळेल त्या वाहनाने सरकारी रुग्णालय गाठा. चिरा देणं, रक्त चोखणं, दोरीने करकचून आवळणं, मांत्रिकाकडे वेळ घालवणं यांनी नुकसानच होतं. आपल्याकडचं प्रतिविष या चारही सापांच्या विषावर एकत्रित चालतं, त्यामुळे साप मारून सोबत न्यायची गरज नाही.

### बिबट्याच्या मुलखात

बिबट्या जंगलातून ‘भरकटून’ गावात आला, असं वाक्य बातम्यांत असतं. जुन्नर, शिरूर, अकोले, निफाड, संगमनेर या उसाच्या पट्ट्यात अनेक बिबटे उसातच जन्मले आणि तिथेच वाढले. भरकटायला त्यांनी जंगल पाहिलेलंच नाही. डॉ. विद्या अत्रेय यांनी अकोले परिसरात केलेल्या अभ्यासात दाट वस्तीच्या शेतमुलखात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. त्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा, ३९ टक्के, कुत्र्यांचा होता. कुत्री कशावर जगतात? उघड्यावर टाकलेल्या कचऱ्यावर, खरकट्यावर, कोंबड्यांच्या टाकाऊ भागांवर. गावाच्या वेशीवरचा उकिरडा हटवणं हे म्हणून बिबट्यापासूनच्या संरक्षणाचं पहिलं काम आहे. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांमध्ये हेच सांगावं लागलं.

‘पकडून लांब सोडा’ ही मागणी समजण्यासारखी आहे. पण जुन्नरमध्ये २००० नंतरच्या काही वर्षांत तसं करून पाहिलं, तेव्हा हल्ले वाढले. अनोळखी जागी सोडलेला, बिथरलेला बिबट्या अधिक धोकादायक ठरतो आणि रिकाम्या जागेत दुसरा बिबट्या येतो. हे लिहिताना एक भान ठेवायला हवं: या पट्ट्यात माणसं दगावली आहेत, त्यांत लहान मुलं आहेत. शहरात बसून त्यांना सहजीवनाचे धडे देणं सोपं आहे. ज्या शेतकऱ्याला शेतीपंपाची वीज रात्री मिळते आणि काळोखात उसाला पाणी द्यायला जावं लागतं, त्याच्यासाठी दिवसा वीज ही सुद्धा वन्यजीव संरक्षणाचीच मागणी आहे. बंदिस्त गोठा, घराजवळ शौचालय, अंगणात दिवा, अंधार पडल्यावर मुलांना एकटं न सोडणं, उसाच्या कडेने जाताना मोबाइलवर गाणी किंवा मोठ्याने गप्पा, हे उपाय साधे असले तरी उपयोगी पडतात. वाकलेला किंवा बसलेला माणूस बिबट्याला लहान भक्ष्य वाटू शकतो, हेही लक्षात ठेवावं.

ऊसतोडीच्या हंगामात फडात पिल्लं सापडतात. मांजरासारखी दिसतात, म्हणून लोक उचलतात, दूध पाजतात, सेल्फी काढतात. असं करू नये. तोड तिथेच थांबवावी आणि वन विभागाला कळवावं. पिल्लं तपासून संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवली जातात आणि बहुतेक वेळा आई रात्री येऊन घेऊन जाते. पिल्लं नेलेली, चिडलेली मादी गावाभोवती फिरत राहणं कोणालाच परवडणारं नाही. विहिरींचंही पाहावं: कठडा नसलेल्या विहिरीत बिबट्यापासून कोल्ह्यापर्यंत सगळे पडतात. कमरेएवढा कठडा बांधला तर माणसाचं पोरही वाचतं.

### उजेड, मांजा, मोकाट कुत्री

मे अखेरीला भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागांत काजवे पाहायला झुंबड उडते. काजव्यांचं चमकणं हे नर-मादीचं बोलणं आहे. गाड्यांच्या दिव्यांत आणि मोबाइलच्या बॅटरीत ते बुडून जातं, जोड्या जुळत नाहीत. मादी आणि अळ्या जमिनीवर असतात, त्या पायाखाली जातात. जायचं तर गाडी लांब लावून, दिवे बंद करून, वाट न सोडता.

नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली. तरी संक्रांतीला तो मिळतो आणि पुढे महिनोन्‌महिने झाडांना लटकत राहून घुबडांचे, घारींचे पंख कापतो. सण झाल्यावर मुलांना घेऊन परिसरातला मांजा गोळा करणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे.

मोकाट कुत्र्यांविषयी बोललं की भांडण होतं, तरी बोललं पाहिजे. पुण्याजवळच्या माळरानांवर कुत्री चिंकारांच्या मागे लागतात, लांडग्यांना रोग देतात. तिथे लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं आहे. ज्यांना कुत्र्यांची माया आहे त्यांनी त्यांची नसबंदी, लसीकरण आणि घर यांची सोय करावी. माळावर नेऊन भात टाकू नये.

### पिल्लू खाली पडलं तर

पिसं फुटलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू जमिनीवर दिसलं तर ते बहुधा उडायला शिकत असतं आणि आई-बाप जवळच असतात. त्याला कुत्र्या-मांजरापासून वाचेल अशा फांदीवर ठेवा आणि दूर व्हा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, हे पक्ष्यांच्या बाबतीत खरं नाही. उघडं-बोडकं पिल्लू असेल तर शक्य झाल्यास घरट्यात परत ठेवा.

पक्षी जखमी असेल तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा. चोचीत पाणी घालू नका. ते श्वासनलिकेत जातं. दूध, पोळी, वरण-भात काही नको. १९२६ ला किंवा जवळच्या प्राणी उपचार केंद्राला कळवा. बरा झाला की पाळायचा विचार मनात आणू नका.

### गोठ्यातलं इंजेक्शन आणि गिधाडं

पांढऱ्या पाठीची गिधाडं एकेकाळी गावोगाव ढोरं टाकण्याच्या जागी शेकड्यांनी उतरत. १९९० च्या दशकापासून पंधराएक वर्षांत त्यांतली ९९ टक्क्यांहून अधिक नाहीशी झाली. कारण सापडलं ते २००४ मध्ये: जनावरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफेनॅक. असं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद झालं. पण माणसांसाठीच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात येत राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये ३ मिलिलिटरच्या एका मात्रेपुरतीच कुपी ठेवण्याचा नियम आला. २०२३ मध्ये जनावरांसाठी केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅकवरही बंदी आली.

पशुपालकाने करायचं एवढंच: बैल किंवा म्हैस लंगडू लागली की डॉक्टरांना मेलॉक्सिकॅम द्यायला सांगायचं. ते गिधाडांना सुरक्षित आहे आणि महागही नाही. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळच्या चिरगावसारख्या ठिकाणी ग्रामस्थांनी गिधाडांची घरट्याची झाडं राखली, म्हणून तिथे ती टिकली.

### एकट्याने न होणारी कामं

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्यातलं, नाना फडणवीसांचं गाव. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं अंडी घालतात, आणि पूर्वी ती अंडी माणसं किंवा कोल्हे-कुत्री उकरून नेत. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांना बरोबर घेऊन घरटी कुंपणात हलवायला सुरुवात केली. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर येतात आणि त्यांना किनाऱ्यावर सोडलं की ती स्वतः चालत समुद्रात जातात. २००६ मध्ये ‘कासव महोत्सव’ सुरू झाला, पाहुणे घराघरांत उतरू लागले आणि कासवाच्या अंड्यापेक्षा कासवाचं पिल्लू गावाला जास्त देऊन जाऊ लागलं. पुण्याच्या ‘इला फाउंडेशन’ने पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरीत घुबडांचा उत्सव भरवला, तोही याच धर्तीवर: ज्याला अपशकुनी म्हणून दगड मारायचे, त्याच उंदीरमाऱ्या पक्ष्याची चित्रं शाळेच्या पोरांनी काढली.

उत्सव सगळीकडे भरवता येणार नाही, पण कायद्याने दिलेलं एक साधन प्रत्येक गावाकडे आणि शहराकडे आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत आणि महापालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. गावात कोणती झाडं, पक्षी, मासे, औषधी वनस्पती आहेत, देवराई कुठे आहे, पूर्वी काय होतं आणि आता काय नाही, हे त्या नोंदवहीत लिहायचं असतं. रस्ता, खाण किंवा बांधकाम येतं तेव्हा ‘इथे काही नव्हतंच’ या म्हणण्याला लेखी उत्तर तिथून मिळू शकतं. काही गावांनी ती मनापासून केली, काही ठिकाणी नुसते रकाने भरले गेले.

पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा ही नोंदवही दाखवायला सांगा. शहरात राहत असाल तर आपल्या नगरसेवकाला किंवा महापालिकेच्या उद्यान विभागाला विचारा. तुमच्या खिडकीतून दिसणारा तांबट त्यात नसेल, तर तो लिहून घ्यायला लावा.